पाव किलो खिमा आणि बिनबुलाये पाहुणे

रविवार उजाडला की तंजावर जिल्ह्यातली गावे एरवीपेक्षा थोडी लवकर जागी होतात. ओरत्तनाडू असो, पापनाशम असो, की तिरुवैयारूच्या पलीकडचे एखादे लहानसे खेडे असो, नाक्यावरच्या चहाच्या दुकानाशेजारी, झावळ्यांच्या नाहीतर पत्र्याच्या आडोशाला, आकड्याला बोकड टांगलेला दिसतो. त्याच्याखाली चिंचेच्या लाकडाचा जाडजूड ओंडका, ओंडक्यावर सुरा आणि शेजारी केळीच्या पानांची चळत. हे झाले ‘करिक्कडै’. तमिळमध्ये ‘करि’ म्हणजे मांस आणि ‘कडै’ म्हणजे दुकान. सुरमट आवाजात गप्पा मारत माणसे उभी असतात. ज्याचा नंबर येईल तो आपल्याला हवा तो भाग बोटाने दाखवतो.

खिमा हवा असेल तर ‘कोत्तुकरि’ मागायची. ‘कोत्तु’ म्हणजे बारीक तोडणे. तव्यावर टणटण आवाज करीत तोडला जाणारा कोत्तु परोठा आता आपल्या शहरांतही मिळतो, त्यातला हा कोत्तु. यंत्र नाही, वीज नाही. मऊ मांस ओंडक्यावर ठेवायचे आणि सुऱ्याने एका लयीत तोडत जायचे. दहा मिनिटांत पाव किलोचा ढीग तयार. केळीच्या पानात बांधलेली पुडी पिशवीत पडते आणि गृहस्थ सायकलला टांग मारून घरी निघतात.

त्या पुडीत मांसाबरोबर आणखी कोण कोण घरी येते, हा या लेखाचा विषय आहे. विषय जरा नको वाटणारा आहे, हे मान्य. पण ज्या घरात लहान मूल आहे किंवा म्हातारे माणूस आहे, त्या घराने तो एकदा नीट समजून घ्यावा असा आहे.

तंजावरच का, असे कुणी विचारील. एक तर हा मुलूख आपल्याला परका नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकात इथे भोसल्यांची गादी स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठीतला शिलालेख आजही उभा आहे आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही आहेत. दुसरे म्हणजे हे घराणे खाण्यापिण्याच्या बाबतीत मोठे चौकस. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या मुदपाखान्यातल्या पाककृती मोडी लिपीत लिहून ठेवल्या गेल्या. ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने ते हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्धही केले आहे. शाकाहारी पदार्थांच्या जोडीला त्यात मांसाचेही पदार्थ आहेत. सांबाराचे नाव संभाजी राजांवरून पडले ही गोष्ट मात्र सगळेच सांगतात. तिच्या खरेखोटेपणात आपण इथे शिरायला नको.

आजच्या तंजावरच्या घरांत खिम्याचा लाडका पदार्थ म्हणजे ‘कोला उरुंडै’. उरुंडै म्हणजे गोळा. खिमा, भाजके डाळे, खोबरे, बडीशेप, आले-लसूण, मिरची हे सगळे एकत्र वाटायचे, लिंबाएवढे गोळे वळायचे आणि तेलात तळायचे. बाहेरून खरपूस, आतून लुसलुशीत. मुले वाटी घेऊन चुलीपाशीच बसतात. या गोळ्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण आपल्या विषयाची सगळी गोम त्याच्या पोटात आहे.

वरचे आत जाते

आमच्या घरी आजी खिमा आणायला पाठवायची तेव्हा बजावून सांगायची, ‘समोर उभा राहून करून घे. आधी करून ठेवलेला आणू नकोस.’ आम्हाला वाटायचे, खाटीक वजनात मारील किंवा चरबी घालील म्हणून ही खबरदारी. तेही कारण असेल. पण तिच्या त्या हट्टामागे एक पक्के शास्त्र होते, ते तिला ठाऊक असो वा नसो.

निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जीवाणू जवळजवळ नसतात. ते असतात कातडीवर, केसांत, खुरांना लागलेल्या चिखलात आणि आतड्यांत. कातडे सोलताना सुरी बाहेरून आत जाते, कधी आतडे फुटते, खाटकाचा हात, पाण्याची बादली, फडके, माशी, प्रत्येक जण आपापली भर घालतो. तरीही ही सगळी मंडळी बसतात मांसाच्या पृष्ठभागावर. म्हणून मटणाचा तुकडा कढईत पडला आणि त्याची वरची बाजू चांगली परतली गेली की बहुतेकांचा निकाल लागतो. आतला भाग थोडा कमी शिजला तरी फारसे बिघडत नाही.

खिम्याचे गणित वेगळे. पाव किलो मांसाचा एकच चौकोनी ठोकळा कल्पनेने समोर ठेवा. त्याची बाजू भरेल साधारण सव्वासहा सेंटिमीटर आणि सगळ्या बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २३० चौरस सेंटिमीटर. आता त्याच ठोकळ्याचे तीन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा. मांस तेवढेच, पण उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ झाले पावणेपाच हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे वीस पट! त्यात सुऱ्याच्या घावांनी पेशी फुटून रस बाहेर आलेला. जे जीवाणू वरच्या थरावर बसून होते ते आता खिम्याच्या कणाकणात पोचले, त्यांना हवा मिळाली आणि आयते अन्नही मिळाले. खिमा म्हणजे बारीक केलेले मटण एवढीच आपली समजूत असते. जीवाणूंच्या दृष्टीने मात्र तो एक नवाच मुलूख आहे.

पुढचा प्रश्न वेळेचा. शरीराच्या उष्णतेएवढ्या उबेत आणि अन्नपाणी मुबलक असले तर एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे आपल्या परिचयाचा ‘ई. कोलाय’, साधारण वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. कागदावर मांडले तर एकाचे तीन तासांत ५१२ आणि सहा तासांत २ लाख ६२ हजार. प्रत्यक्षात सगळेच जीवाणू इतके घाईचे नसतात, नव्या जागी रुळायलाही त्यांना थोडा वेळ लागतो. पण कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो, हे लक्षात घेतले की सकाळी सातचा खिमा आणि दुपारी एकचा खिमा यांत केवढे अंतर पडते ते कळेल.

पुडीतली नामावळी

खिम्यात कोण कोण असते ते शोधायची जुनी रीत अशी: थोडा खिमा निर्जंतुक पाण्यात घुसळायचा, ते पाणी पातळ करीत न्यायचे आणि अगारच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून केलेल्या जेलीच्या बशीवर त्याचे थेंब पसरायचे. एक-दोन दिवस ऊब दिली की जिथे जिथे एक जिवंत जीवाणू पडला होता तिथे तिथे ठिपका उगवतो. ठिपके मोजायचे, झाली संख्या. ही रीत आजही रोजच्या तपासणीत वापरली जाते. तिची अडचण एकच, जे जीवाणू बशीत वाढायला राजी नसतात ते मोजलेच जात नाहीत.

गेल्या काही दशकांत दुसरी रीत आली. प्रत्येक जीवाणूमध्ये ‘१६ एस’ नावाचे एक जनुक असते. जातीजातीनुसार त्यात थोडा थोडा फरक असतो, आडनावासारखा. अमेरिकेचे कार्ल वूज यांनी १९७७ साली या जनुकाच्या रेणूंची तुलना करूनच सजीवांच्या वंशावळीची मांडणी बदलून टाकली होती. आता खिम्यातला सगळा डीएनए काढायचा, त्यातली ही आडनावे वाचायची आणि कोणाचे किती कुटुंबीय हजर आहेत याची यादी करायची. ही रीत बशीत न उगवणाऱ्यांनाही पकडते. मात्र मेलेला कोण आणि जिवंत कोण हे तिला सहजी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही रीती एकमेकींना धरून वापराव्या लागतात.

अशी यादी केली की बाजारातल्या ताज्या खिम्यात एक-दोन नव्हे, डझनावारी आणि कधी शेकडो प्रकारचे जीवाणू सापडतात. ही यादी वाचणे म्हणजे त्या मांसाची जन्मकुंडली वाचण्यासारखे आहे. ॲसिनेटोबॅक्टर मातीतून आणि पाण्यातून आलेला. एरोमोनास तर पाण्याचाच रहिवासी. बॅसिलस माती आणि पेंढ्यातला. स्टॅफिलोकॉकस माणसाच्या नाहीतर जनावराच्या कातडीवरचा. एन्टेरोकॉकस आणि ई. कोलाय आतड्यांतले. जोडीला स्युडोमोनास, ब्रोकोथ्रिक्स आणि दह्याच्या विरजणातल्या मंडळींचे भाऊबंद लॅक्टोबॅसिलस. यांतले बहुतेक आपल्याला काहीही करीत नाहीत. यादी लांबलचक आहे म्हणून खिमा वाईट, असा अर्थ काढू नये.

उलट गंमत अशी, की खिमा जसजसा शिळा होतो तसतशी ही यादी बहुधा आखूड होत जाते. सुरुवातीला सगळ्या जातींची जत्रा. मग जे त्या थंडीला, त्या हवेला सोसतात ते बाकीच्यांना मागे टाकतात. हवा लागत असेल आणि फ्रीजची थंडी असेल तर स्युडोमोनास पुढे. हवा कोंडलेल्या पाकिटात लॅक्टोबॅसिलसची बिरादरी पुढे. स्युडोमोनास आधी मांसातली साखर संपवतो आणि मग प्रथिनांच्या घटकांवर तुटून पडतो. तेव्हा कुठे आपल्या नाकाला वास येतो. त्या वेळेपर्यंत दर ग्रॅममागे त्यांची संख्या कोटीच्या घरात गेलेली असते.

आणि इथेच आपली मोठी फसगत होते. वास येतो तो नासवणाऱ्या जीवाणूंमुळे. आजार पाडणारे साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा ई. कोलायच्या विषारी जाती यांना स्वतःचा असा वास नाही. थोड्या संख्येनेही त्यांचे काम भागते. वास घेऊन ‘चांगला आहे की’ म्हणणे म्हणजे घर पेटलेले नाही एवढे पाहून चोर आलेला नाही असे ठरवण्यासारखे आहे.

कालव्याकाठची शेळी

कावेरीच्या गावांत ही जत्रा कुठून भरते हे पाहायला शेतात जावे लागते. भाताची कापणी झाली की रामनाथपुरम् आणि शिवगंगै भागांतले मेंढपाळ आपले कळप घेऊन या प्रदेशात उतरतात. रात्री शेतात कळप बसवायचा, लेंड्यांचे खत शेतकऱ्याला, मोबदला मेंढपाळाला. या बसवण्याला तमिळमध्ये ‘किडै’ म्हणतात. आपल्याकडचे धनगर कोकणात आणि देशावर हेच करतात, त्यामुळे आपल्याला ते चित्र नवे नाही. पुढे मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटते. त्याची रिवाजाची तारीख १२ जून. कल्लणैच्या पुरातन बंधाऱ्यापाशी ते वाटले जाते आणि कालव्यांतून ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टैकडे धावते. गावोगावची शेळी-मेंढी त्याच काठावर चरते, तेच पाणी पिते आणि पावसाळ्यात त्याच चिखलात बसते. तिच्या केसांत कावेरीची माती असते आणि तिच्याबरोबर मातीतली सगळी वस्ती. सोलताना कातडीची बाहेरची बाजू मांसाला लागू न देणे हे खाटकाचे खरे कसब. ते ज्याच्या हातात आहे त्याच्या दुकानातली यादी आपोआप सौम्य होते.

तंजावरला पुदुक्कोट्टै रस्त्यावर अन्नप्रक्रियेची एक राष्ट्रीय संस्था आहे. १९६७ साली तिरुवारूरला धानाची एक लहानशी प्रयोगशाळा म्हणून तिचा जन्म झाला आणि २०२१ पासून ती ‘निफ्टेम’ या नावाने ओळखली जाते. ओरत्तनाडूत पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे तपासणारे डोळे जवळच आहेत. पण भाताच्या पोत्यातला ओलावा गिरणीत पै-पैच्या हिशेबाने मोजला जातो आणि रविवारची कोत्तुकरि मात्र निव्वळ भरवशावर विकत घेतली जाते. हे तंजावरपुरतेच आहे असे नाही. आपल्या पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात तरी आपण दुसरे काय करतो?

एका हॅम्बर्गरची किंमत

खिम्याचा धडा जगाला कठोरपणे शिकवला तो अमेरिकेने. १९९३ च्या सुरुवातीला तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत ‘जॅक इन द बॉक्स’ या उपाहारगृहांच्या साखळीत हॅम्बर्गर खाल्लेले सातशेहून अधिक लोक आजारी पडले. चार मुले दगावली. हॅम्बर्गर म्हणजे गोमांसाच्या खिम्याची टिक्की घातलेला पाव. टिक्क्या पुरेशा भाजल्या गेल्या नव्हत्या आणि खिम्यात ई. कोलायची ‘ओ१५७’ ही विषारी जात होती. तिचे विष रक्तातून मूत्रपिंडात पोचते. मोठा माणूस जुलाबांवर निभावून नेतो. पाच वर्षांखालच्या मुलाचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. यानंतर १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने गोमांसाच्या कच्च्या खिम्यात ही जात सापडली तर तो माल भेसळयुक्त समजावा असा नियम केला.

आपल्याकडे या जातीचे रुग्ण क्वचितच नोंदले जातात. आपण मांस रटरट शिजवून खातो, हे त्याचे एक कारण असावे. पण ई. कोलायच्या असल्या विषारी जातींचे मुक्कामाचे ठिकाण म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांची आतडी. गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळ्या त्यात आल्या.

जर्मनीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे खिमा कच्चाच पावाला लावून खायची पद्धत आहे. ऐकून अंगावर काटा येतो! पण म्हणूनच तिथे १९७६ पासून खिम्यासाठी वेगळा कायदा होता: ज्या दिवशी खिमा केला त्याच दिवशी विकायचा. २००७ मध्ये त्याची जागा युरोपच्या नव्या नियमांनी घेतली. या नियमांप्रमाणे मांस ७ अंशांपर्यंत थंड ठेवले तरी चालते, खिमा मात्र २ अंशांवर जाता कामा नये. जर्मन कायद्याचे ते कलम आणि आमच्या आजीचे बजावणे यांत मला तरी फरक दिसत नाही.

सुरा बरा की यंत्र?

शहरातल्या दुकानात खिम्याचे यंत्र असते. वरून तुकडे टाकले की खालून शेवेसारखा खिमा बाहेर येतो. दिसायला स्वच्छ. पण त्या यंत्राच्या नळीत, मळसूत्राच्या दांड्यावर आणि जाळीच्या भोकांत दरवेळी थोडे मांस अडकून राहते. यंत्र दर दिवशी उघडून गरम पाण्याने धुतले नाही तर आजच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पुडीत कालच्या शेवटच्या गिऱ्हाइकाचा खिमा जातो. एका बोकडावरचे जीवाणू दहा बोकडांच्या खिम्यात वाटले जातात ते असे.

मग खेड्यातला सुरा आणि ओंडका बरा म्हणायचा का? अर्धा बरा. सुरा धुता येतो, पुसता येतो, दिसतो. ओंडक्याबद्दल एक मजेदार गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाकडापेक्षा प्लॅस्टिकची फळी स्वच्छ, असे सगळे धरून चालले होते. १९९४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिले, तर लाकडात शिरलेले जीवाणू पुन्हा वर येईनात. प्लॅस्टिकवर सुरीचे ओरखडे पडले की त्यांत ते मजेत राहतात. चिंचेच्या ओंडक्याला हे ऐकून हुरूप यावा! पण प्रयोगातली फळी घरातली होती. वर्षानुवर्षे घाव खाऊन मध्ये खळगा पडलेला, दिवसभर रक्ताने ओला राहणारा ओंडका ही वेगळी चीज. तो रोज खरवडला, धुतला आणि उन्हात कडकडीत वाळवला तरच त्याची बाजू घेता येईल.

घरातले तीन घोटाळे

पुडी घरी आली की आपण पहिले काम करतो ते धुण्याचे. चाळणीत खिमा घ्यायचा, नळाखाली धरायचा, हळद लावायची. हात, भांडी स्वच्छ ठेवणे निराळे. खिमा धुऊन जीवाणू जात नाहीत, कारण ते आता वरवर नाहीतच. जातो तो चवीचा रस. आणि थेंब उडून शेजारची कोथिंबीर, कापलेला कांदा, बाळाची वाटी यांच्यावर बसतात. हे वाचून अनेक भगिनी नाराज होतील याची कल्पना आहे. तुकड्यांचे मटण धुवायचेच असेल तर खोलगट भांड्यात, बेताने. खिमा मात्र न धुतलेला बरा. स्वच्छ मांस घेऊन स्वच्छ सुऱ्याने समोर करून घेणे, हीच त्याची धुणावळ.

दुसरा घोटाळा मिक्सरचा. पूर्वी तंजावरच्या घरांत कोला उरुंडैचे मिश्रण पाट्यावर वाटत. पाटा धुवायला सोपा, लपायला जागा नाही. आता तेच मिश्रण मिक्सरमध्ये फिरते आणि भांडे विसळून त्यातच इडलीबरोबरची खोबऱ्याची चटणी वाटली जाते. पात्याच्या खालचा खळगा आणि झाकणाची रबरी चकती उलटून पाहा एकदा. चटणी पुढे शिजत नाही. म्हणजे कच्च्या मांसातले जीवाणू न शिजणाऱ्या पदार्थात जाण्याचा हा सरळ रस्ता. चटणी आधी वाटा, मांस नंतर. एवढा क्रम उलटा केला की निम्मे काम झाले.

तिसरा घोटाळा फ्रीजचा. फ्रीज आला आणि रविवारचा खिमा बुधवारी करण्याची सोय झाली. थंडीने जीवाणू मरत नाहीत, फक्त मंदावतात. स्युडोमोनास आणि लिस्टेरिया तर ४-५ अंशांतही वाढतात. कच्चा खिमा फ्रीजच्या साध्या खणात एक, फार तर दोन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या खणात, पातळ थापून, लहान लहान पाकिटांत. तो बाहेर काढून ओट्यावर सकाळपासून वितळत ठेवू नये. आदल्या रात्री खालच्या खणात उतरवून ठेवावा. वीज जाऊन-येऊन असेल तिथे तर फ्रीजवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता त्या लिंबाएवढ्या गोळ्याकडे येऊ. रस्सा असलेला खिमा उकळतो, शंभर अंशांना पोचतो, त्याची चिंता नाही. गोळ्याचे, कबाबाचे, कटलेटचे तसे नाही. तेल १७०-१८० अंशांवर असते, बाहेर खरपूस तांबूस रंग दोन मिनिटांत येतो आणि आत अजून कोमटच असते. खिम्याच्या पदार्थाच्या मध्यभागी ७१ अंश उष्णता पोचली पाहिजे, असे अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवून दिले आहे. अखंड तुकड्याला ६३ अंश पुरतात, हा फरकच सगळे सांगून जातो. रंगावर जाऊ नये. मांस कधी कधी पुरते शिजण्याआधीच तपकिरी दिसू लागते, असे प्रयोगांत आढळले आहे. घरी उष्णतामापक कुणाकडे असणार? म्हणून गोळे लहान वळावेत, आंच मध्यम ठेवावी आणि पहिला गोळा फोडून बघावा. मध्ये ओलसर गुलाबी, चिकट दिसले की आंच आणखी कमी करून वेळ वाढवावा. तंजावरच्या पुष्कळ घरांत खिमा आधी हळद-मीठ घालून शिजवून घेतात आणि मग वाटून गोळे करतात. चव थोडी वेगळी येते. मुलांसाठी करायचे असतील तर हीच पद्धत धरावी.

मोठ्या हंड्यातली गोष्ट

पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागात आषाढाच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या ‘आडी’ महिन्यात, ‘मोय विरुंदु’ नावाच्या पंगती उठतात. एखादा गृहस्थ गावोगाव पत्रिका पाठवून शेकडो-हजारो लोकांना मटणाचे जेवण घालतो आणि जेवणारे जाताना ‘मोय’, म्हणजे आहेराची रक्कम, वहीत नोंदवून देतात. पुढे त्यांची पंगत असेल तेव्हा ती भर घालून परत करायची. बिनव्याजी पतपेढीच म्हणा ना! या पैशातून बोअर घेतल्या जातात, मुलांची शिक्षणे होतात, दुकाने उभी राहतात.

अशा पंगतीत मटण तासन्‌तास उकळते, मग भीती कसली? भीती उकळल्यानंतरची. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा एक जीवाणू संकट आले की बीजाणूच्या, म्हणजे टणक बियांच्या रूपात दडून बसतो. उकळत्या पाण्यातही ते टिकतात. रश्शाचा मोठा हंडा चुलीवरून उतरवला की तो तासन्‌तास कोमट राहतो, आत हवा नसते, आणि ४०-४५ अंशांच्या त्या उबेत हा गृहस्थ दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी शिजवलेले रात्रीच्या पंगतीला गरम न करता वाढले की दुसऱ्या दिवशी गावभर पोटात मुरडा. जगभर सामुदायिक भोजनांत हा प्रकार होतो. आपल्या जत्रांतले, हळदीच्या जेवणातले ‘पाणी लागले’ म्हणून सोडून दिलेले किती प्रकार या हंड्याचे असतील! उपाय अगदी साधा: हंडा चुलीवर वाफाळता ठेवायचा, नाहीतर उरलेले पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करायचे आणि पुन्हा खदखदून उकळल्याशिवाय वाढायचे नाही.

स्टॅफिलोकॉकसचे तर उकळूनही भागत नाही. खाटकाच्या नाहीतर आचाऱ्याच्या बोटाला चिघळलेली जखम असेल आणि त्यातून हा जीवाणू खिम्यात पडून उबेत वाढला, तर त्याने सोडलेले विष शिजवल्यावरही शाबूत राहते. बोटाला चिंधी बांधलेला माणूस खिमा करताना दिसला तर त्या दिवशी भाजी करावी.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. जनावरांना, विशेषतः कोंबड्यांना, वाढीसाठी प्रतिजैविके चारण्याची सवय जगभर लागली आणि त्यांना दाद न देणारे जीवाणू मांसातही सापडू लागले. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या औषधाचा जनावरांच्या खाद्यात वापर करायला भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. कोंबडीचा खिमा हल्ली तयार पाकिटात मिळतो, त्याला हे लागू आहे.

खाटकाच्या बाजूने

हे सगळे लिहिताना सगळा दोष ओंडक्यामागच्या माणसाच्या माथी मारला जाऊ नये असे वाटते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे आणि त्याखाली छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. पण आठवड्यातून एक-दोनच दिवस बोकड कापणाऱ्या खेड्यातल्या माणसाला वाहत्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि माशा अडवणारी जाळी कुठून मिळायची? पंचायतीने बाजारात एवढ्या तीन गोष्टी करून दिल्या तर पुडीतली ती यादी कुठल्याही तपासनिसाच्या भेटीपेक्षा जास्त बदलेल.

त्याच्याकडे एक गोष्ट मात्र शहरातल्या काचेच्या दुकानांत नाही. त्याचा माल उरत नाही. पहाटे कापलेला बोकड दहा-अकरापर्यंत संपतो आणि गावातल्या चुलींवर बारा वाजायच्या आत शिजतो. खिमा तर कुणी मागितल्याशिवाय तो करतच नाही. शहरात ट्रेमध्ये थापून ठेवलेला, वर हिरवे पान खोचलेला खिमा सकाळपासून तिथे आहे की कालपासून, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. विचारावे. आणि त्यातला न घेता, आकड्यावरचा तुकडा दाखवून सांगावे, ‘भाऊ, हा घ्या, आणि माझ्यासमोर करून द्या. यंत्र आधी पुसून घ्या.’ भाऊ कुरकुरेल, मागचे गिऱ्हाईक घड्याळाकडे बघेल. दहा मिनिटे जातील. पिशवीत एक स्टीलचा डबा घेऊन गेलेले बरे, आणि परतताना बँक, भाजी, मैत्रीण असे थांबे न घेता सरळ घरी यावे.